पाणी काढायचं, पण कुठे?

जलोदराच्या पोटाला छिद्र कुठे पाडायचं, हे सुश्रुतसंहितेत बोटं मोजून दिलं आहे. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, मधल्या लोमरेषेपासून चार बोटं सोडून. भाताच्या दाण्यासारख्या टोकाचं शस्त्र अंगठ्याच्या जाडीएवढंच आत जाऊ द्यायचं. मग धातूची किंवा पिसाच्या पोकळ देठाची, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी सरकवायची. आज पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी लावून पोटातलं पाणी काढणारे डॉक्टरही बहुधा डाव्या अंगालाच सुई घालतात.

मला मात्र त्यापुढची सूचना जास्त मोलाची वाटते. सगळं पाणी एका दिवसात काढू नका. तहान, ताप, अंगदुखी, धाप मागे लागते. तिसऱ्या दिवसापासून थेट सोळाव्या दिवसापर्यंत, प्रकृती बघून अंतर ठेवा आणि थोडं थोडं काढा. पाणी निघालं की पोट लोकरीने, रेशमाने किंवा चामड्याने घट्ट बांधा. सहा महिने दूध किंवा हलका मांसरस द्या. टोचण्याचं काम घटकाभराचं. बाकी सगळी शुश्रूषा, आणि ती कुणीतरी रोज करणार हे त्या वैद्याने गृहीतच धरलेलं.

नंतरच्या काळात नळी सुधारली आणि रोगी रुग्णालयात गेला. पुण्यात ससून 1867 मध्ये सुरू झालं. तिकडे जर्मनीत गॉटहार्ड ब्यूलाउ यांनी 1891 मध्ये छातीतल्या नळीचं दुसरं टोक पाण्याखाली बुडवून ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली: आतलं बाहेर येईल, पण हवा उलटी आत शिरणार नाही. छातीला हे लागतंच; पोटाचं तेवढं नाजूक नसतं. पिशवी पलंगाखाली टांगली तरी उतारानेच पाणी येतं.

कर्करोग पसरला की हे पाणी पुन्हा पुन्हा साचतं. मग दर आठ-दहा दिवसांनी तीच यातायात. फुगलेलं पोट घेऊन पुण्यातल्या धायरीहून रिक्षा, केसपेपर, रांग, सुई, संध्याकाळी परत. छातीतलं असेल तर एका वेळी साधारण दीड लिटरवर थांबतात, म्हणजे धाप लवकरच परत येते. ज्याच्या हाती काही महिनेच उरलेत, त्याचे त्यातले किती दिवस बाकड्यावर गेले, याची नोंद कुठल्याच फायलीत नसते.

घरीच पाणी काढता यावं म्हणून शरीरात कायम ठेवायच्या नळीला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली. मऊ सिलिकॉनची ही नळी थोडं अंतर कातडीखालून नेतात. तिच्यावरच्या कापडी कड्यात ऊती रुजतात आणि ती जागेवर धरली जाते. बाहेरच्या टोकाला एकाच दिशेने उघडणारी झडप. योगायोग असा की त्याच 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं वेदनाशामक उपचार केंद्र सुरू झालं. तिथे उपचार मोफत आहेत आणि घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवणं हा उपचाराचाच भाग मानतात.

ब्रिटनमध्ये कर्करोगामुळे छातीत पाणी साचलेल्या 106 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही नळी आणि पाणी पुन्हा साचू नये म्हणून छातीत टाल्कची पूड घालण्याचा जुना उपाय यांची तुलना झाली. सहा आठवड्यांत धाप दोन्हीकडे सारखीच कमी झाली. नळीवाल्यांना सुरुवातीला रुग्णालयात कमी राहावं लागलं, पण त्रास आणि गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त दिसली. नळी तुंबते, जंतुसंसर्ग होतो. यकृताच्या सिरोसिसमध्ये तर याच भीतीने ती घालताना डॉक्टर कचरतात.

आपल्याकडे अडतं ते आधी पैशावर. या नळीला जोडून पाणी ओढून घेणाऱ्या निर्वात बाटल्या एकदाच वापरायच्या, आणि दर खेपेला नवी. म्हणून अनेक ठिकाणी पोटात टोकाला वळण असलेली साधी पिगटेल नळी घालून तिला युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, जोडतात. माझ्या मते त्यात कमीपणा काही नाही. घरातल्या कुणी, समजा सुनेने, साबणाने हात धुवावेत, नळीचा कॉक उघडावा, ठरलेलं माप भरलं की बंद करावा, वहीत तारीख आणि मिलिलिटर लिहावेत. हे तासाभरात शिकवता येतं. शिकवायला माणूस मात्र हवा, आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून द्यायचा हे कुणी ठरवलेलं नाही. आरोग्यविम्याचा बहुतेक हिशेब रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेला. दाखल होऊन पाणी काढलं तर बिल मंजूर व्हायची आशा. त्याच नळीसाठी नर्स घरी आली तर खर्च बहुधा खिशातून.

पुण्याला अत्याधुनिक रुग्णालयांचा भारी अभिमान, आणि तो अगदीच खोटा नाही. पण या रुग्णाला रुग्णालयाचा आणखी एक मजला नको आहे. रात्री दोनला थंडी वाजून ताप भरला, नळीतून गढूळ पाणी आलं, तर सुनेने फोन कुणाला करायचा? महापालिकेच्या दवाखान्यांत परिचारिका आहेत. त्यांतल्या काहींना हे काम शिकवून, नळी घातलेल्या रुग्णांची यादी आणि एक फोन त्यांच्याकडे देणं पुढच्या अंदाजपत्रकात सहज बसेल. यादीची सुरुवात नळी घालणाऱ्या रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डाची एक प्रत दवाखान्याला पाठवून करावी.