दातांचे दुखणे घरापुरते नाही



दातांची काळजी ज्याची त्याने घ्यावी, त्यात सरकारी यंत्रणेचे काय काम, अशा आशयाचे पत्र वाचले. कडा-आष्टी भागात हे म्हणणे टिकत नाही.

इथली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे आणि किडलेले दातही तिच्यात येतात. पण लेकरू फडावर असेल तर पथक तपासणार कोणाला? तपासणी दिवाळीआधी उरकावी, नाहीतर पथकाने कारखान्याच्या तळावर जावे.

बायका मिशरी लावतात ती अनेकदा दाढदुखीवरचा उपाय म्हणून. ती भाजलेली तंबाखू आहे. सवय जडते, हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दाढेवर जवळ उपचार नसताना त्या माउलीला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

म्हाताऱ्यांचे तर कोणी बोलतच नाही. २०१७च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, चष्म्याबरोबर कवळीही मोफत मिळते. ग्रामपंचायतीने या योजनेच्या शिबिराची दवंडी देताना कवळीचे नाव घ्यावे.

एक वाचक, कडा (ता. आष्टी, जि. बीड)