रिकामी दिसणारी जागा

नवी पेठेत संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीबच. मोटारसायकली आरशाला आरसा भिडवून उभ्या असतात. अशा सोलापुरात एखाद्या मोठ्या दुकानासमोर व्हीलचेअरचं चित्र रंगवलेली जागा मोकळी दिसली की मोह होतो, हे कबूल. ‘आलोच बघा, दोन मिनिटांत’ म्हणत माणूस आत जातो आणि चांगला अर्ध्या तासाने पिशव्या घेऊन बाहेर येतो. ती जागा कुणाची मेहेरबानी नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ती प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि किमान ३.६ मीटर रुंद हवी. एवढी रुंदी कशाला? दार सताड उघडून शेजारी व्हीलचेअर लावायची आणि सीटवरून तिच्यावर सरकायचं, म्हणून. आपल्याकडे तर मोटारीपेक्षा मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटरच जास्त; ती काही दोन गाड्यांच्या फटीत घुसत नाही, आणि कुबडी सांभाळत उतरणाऱ्याने इतरांच्या गाड्या सरकवायच्या तरी कशा? (उलटंही सांगायला हवं: २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो, तेव्हा ‘चालतोय की धडधाकट’ म्हणून कुणाला उगाच हटकू नये.) महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं काढलं खरं, पण दुकानाचा रखवालदार मोठ्या गाडीवाल्याला ‘काढा’ कसं म्हणणार? त्याची नोकरी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. ते काम मालकानेच पायरी उतरून करावं.