नळीवरची बॅटरी आणि रात्रीची वीज

थंडी पडली, गहू-हरभरा वर आला की सुरतेत पर्वत पाटियाच्या माझ्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक सुरू होतं. माणूस मार्केटमधलाच असतो. कुणी साडीच्या दुकानात पॅकिंगला, कुणी टेम्पोवर, कुणी लूम्सवर. जमीन मात्र तिकडे शहाद्याला, शिरपूरला, साक्रीला. ती भाऊ कसतो आणि हा सुट्टीला जातो. “भाऊ, दूरलोंग उजेड पडी अशी बॅटरी शे का?” आणि मग जरा खालच्या आवाजात, “नळीवर बसवायची.”

म्हणजे बंदुकीच्या नळीवर. मोबाइलवर व्हिडिओही दाखवतात. टेक्सासमधला कुणी रायफलवर लाइट लावून रात्री रानडुकरं टिपत असतो. तिथे ते कायदेशीर आहे, इथे नाही, हे सांगितलं की उत्तर तयार असतं : “डुकरं एका रात्रीत बिघाभर मका झोपवतात, तेव्हा कायदा कुठे असतो?” प्रश्न खोटा नाही. मीही खानदेशातलाच आहे, लोळवलेलं शेत मी पाहिलेलं आहे. तरीही ती बॅटरी मी विकत नाही, आणि कुणी विकूही नये असं माझं मत आहे.

आधी धंद्यातलं बोलतो. डब्यावर लाखाच्या पटीत ल्युमेन छापलेले असतात, त्याला काही अर्थ नसतो. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल हे ठरतं कँडेलावर, म्हणजे झोत किती एकवटलेला आहे त्यावर. दहा हजार कँडेलाचा झोत मोजमापाच्या नियमाने दोनशे मीटर जातो. तोच चारशे मीटर न्यायचा तर कँडेला दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो. आणि ‘दोनशे मीटर’ म्हणजे तरी काय? तिथे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो. त्यात काहीतरी हललं एवढं कळतं, काय हललं ते कळत नाही. सेलचीही तीच गत. 18650 सेलवर 9900 एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल हातात घेऊ नका. त्या आकारात चांगल्यातला चांगला सेलही साडेतीन हजारांच्या आसपासच असतो.

आता गावाकडची बंदूक पाहा. शेतीरक्षणाच्या परवान्यावरची बहुतेक वेळा बारा बोअरची असते, आणि तिच्या छऱ्यांचा चाळीस-पन्नास मीटरपलीकडे भरवसा नसतो. बॅटरी दाखवणार तीनशे मीटर, बंदूक मारणार चाळीस. मधल्या अंतरात जे होतं ते म्हणजे जखमी डुक्कर, आणि जखमी डुक्कर सकाळी कुणाच्या वाटेत बसलेलं असेल ते सांगता येत नाही. उसात तर जास्त उजेड उलटाच अंगावर येतो. पुढची पानं चकाकतात, दवाचं धुकं पांढरं होतं, आणि अंधाराला सरावलेली नजर जाते ती परत यायला वीस-तीस मिनिटं घेते.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. हातातली बॅटरी कुठेही फिरवता येते. नळीवरची बॅटरी फिरवायची म्हणजे नळी फिरवायची. बांधावर काय हललं हे पाहायचं असेल तर भरलेली बंदूक आधी त्याच्यावर रोखावी लागते. आणि रात्री दोन वाजता बांधावर कोण असतं? पाणी भरणारा शेतकरी असतो. महाराष्ट्रात शेतीपंपाची थ्री-फेज लाइन पाळीपाळीने येते, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की गावातले निम्मे लोक अंगावर घोंगडी घेऊन, वाकून, बारे देत उसात आणि गव्हात उभे असतात. वाकलेल्या, घोंगडीतल्या माणसाचा आकार चांदण्याएवढ्या उजेडात कशासारखा दिसतो, हे मी लिहायची गरज नाही.

कुणी म्हणतं, डोळे चमकले की जनावर ओळखू येतं. इथेच तर मेख आहे. गाय, कुत्रा, रोही, बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, म्हणून त्यांचे डोळे झोतात पेटतात. डुकराच्या डोळ्यात तो थरच नसतो. म्हणजे लखलखते डोळे दिसले म्हणून चाप ओढणारा माणूस बहुधा डुकरावर गोळी झाडत नसतो. तो शेजाऱ्याच्या वासरावर झाडत असतो, किंवा बिबट्यावर. बिबट्या अनुसूची एकमधला प्राणी आहे. तिथे शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते ती सातपर्यंत जाते, आणि बंदूक, गाडी, बॅटरी सगळं सरकारजमा होतं.

हा काही आजकालच्या प्राणीप्रेमींचा कायदा नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा परवान्यावर शिकार चालू होती, आणि तरीही सूर्यास्त ते सूर्योदय शिकारीला आणि कृत्रिम उजेडाला त्यात मनाई होती. अपवाद एकच, भक्ष्यावर आलेल्या मांसाहारी जनावराचा, आणि त्यालाही खास परवानगी लागे. शिकारी मंडळींनाही रात्र आणि झोत यांचा धोका तेव्हा मान्य होता. 1991 च्या दुरुस्तीने ती परवान्याची शिकारच बंद झाली. आज पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दल कलम 11 खाली वन खात्याची परवानगी मिळू शकते. वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा, लेखी घ्यायचं. परवानगी नसेल तर तो गुन्हा आहे, मग बॅटरी कितीही महाग असो.

आणि सरकारी हुकूम हातात असूनही रात्रीची गोळी किती घोटाळ्याची असते, हे यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं आहे. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात अवनी वाघीण मारली गेली. हुकूम होता, पथक होतं, साधनं होती. तरी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम पाळले नसल्याचा ठपका आलाच. जिथे एवढी यंत्रणा चुकते, तिथे सुट्टीवर गेलेल्या टेम्पो ड्रायव्हरने काय करायचं?

मग पीक कसं वाचवायचं? तारेत करंट सोडून तर नक्कीच नाही, त्याने डुकराआधी माणसं मरतात. महाराष्ट्रात श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला मदत मिळते. गुजरातेत तार-फेन्सिंगला अनुदान आहे. कुंपणाने सगळं थांबत नाही, डुक्कर खालून उकरतं, हे मला ठाऊक आहे. पंचनाम्याची भरपाई उशिरा आणि तोकडी मिळते, हेही. पण बंदुकीवर महागाची लाइट लावून त्यातलं काहीच सुधारत नाही.

सुधारेल ते दिवसाच्या विजेने. गुजरातने ऑक्टोबर 2020 मध्ये किसान सूर्योदय योजना सुरू केली, पहाटे पाच ते रात्री नऊच्या दरम्यान शेतीला वीज द्यायची म्हणून. महाराष्ट्राची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, तिचा दुसरा टप्पा 2023 चा. डुकरं त्याने जाणार नाहीत. पण शेतकरी रात्री घरात असेल, बिबट्याच्या उसात एकटा उभा नसेल, आणि अंधारात कुणी कुणावर नळी रोखण्याचं कारण उरणार नाही.

म्हणून सुरतेतल्या माझ्या खानदेशी भावांना सांगणं एवढंच : गावी जाताना भावासाठी कपाळावर बांधायची साधी बॅटरी न्या, दोन्ही हात मोकळे राहतात आणि बांधावर माणूस आहे हे लांबून कळतं. आणि गेल्यावर महावितरणच्या कार्यालयात विचारा, आपला फीडर सौर योजनेत आला का. आला नसेल तर पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा.