पाहुणे मोजले, घरचे राहिले!

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घ मला हमखास दगा देतात. तरी हा विषय मराठीतच सांगायचा होता, कारण तो माझ्या घराजवळचा आहे.

घर कसबा पेठेत. गणपतीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून घरी गेले होते. सकाळी डेंगळे पुलावरून सहज खाली बघितलं, तर नदीकाठच्या गवतातून हळदी-कुंकू बदकाची मादी बाहेर आली. (चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव.) मागे ओळीने नऊ पिल्लं! मग रोज जायला लागले. पाचव्या दिवशी चारच उरली होती. कुत्री, घारी की पाणी, काहीच कळलं नाही. घरी येऊन सांगितलं तर आजी म्हणाली, "अगं, मोजून काय पिल्लं परत येणारेत?"

नाही येणार. पण मोजली नसती, तर पाच गेली हे तरी कुणाला कळलं असतं?

आपल्याकडे पाणपक्षी मोजतात ते मुख्यतः जानेवारीत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे आणि हौशी लोक त्यासाठी पहाटे उठतात, त्यांना सलाम. पण जानेवारीत दिसणारे थापट्या, तलवार बदक हे पाहुणे. त्यांची घरटी दूर उत्तरेला. आपली हळदी-कुंकू, पाणकोंबडी, टिबुकली यांची वीण मुख्यतः पावसाळ्यात. म्हणजे जानेवारीची मोजणी हा हजेरीपट झाला. आणि हजेरी लागली म्हणजे पास झालो असं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

उत्तरेत हे काम कसं करतात? अमेरिका आणि कॅनडात १९५५ पासून दर मे महिन्यात छोट्या विमानांतून पाणथळींवरची विणीची बदकं मोजतात आणि त्या आकड्यांवर शिकारीचे नियम ठरवतात. इतकं लांब कशाला, आपल्या पुण्याचे प्रकाश गोळे (त्यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली) लडाखच्या दलदलीत काळ्या मानेच्या क्रौंचांचा अभ्यास करायला गेले होते. पुण्याचा माणूस लडाखला जाऊ शकतो, मग आपण मुठेच्या काठापर्यंत का नाही?

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही. समजा दहा घरटी सापडली आणि पाच मोडली. आपण म्हणणार ५० टक्के यश. पण हे चूक आहे. जी घरटी पहिल्या दोन-तीन दिवसांतच मोडतात ती आपल्याला सापडतच नाहीत, त्यामुळे निकाल फुगतो. १९६१ मध्ये हॅरल्ड मेफिल्ड नावाच्या एका हौशी पक्षीतज्ज्ञाने यावर साधा उपाय सांगितला : घरटी नाही, घरट्यांचे दिवस मोजा. दहा घरट्यांवर मिळून १०० दिवस लक्ष ठेवलं आणि पाच मोडली, तर रोज टिकण्याची शक्यता ९५ टक्के. आपल्या भाषेत डिस्टिंक्शन! पण अंडी उबवायला साधारण २४ दिवस लागतात. ०.९५ चा २४ वा घात काढा. २९ टक्के! मशीनची रिलायबिलिटी काढताना आपण हेच करतो की.

हे सगळं आत्ता का? कारण पुण्यात ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प आहे. मी सिव्हिलची आहे, बांधकामाला माझा विरोध नाही. चांगला काठ, चालायला जागा कुणाला नको? पण पिचिंग केलेल्या उतारावर बदक घरटं करत नाही, त्याला गवत लागतं. कुठलं गवत ठेवायचं, हे ठरवायला घरटी कुठे आहेत ते माहीत हवं. पक्ष्यांची नुसती यादी त्याला पुरणार नाही. लेव्हल घेतल्याशिवाय आपण पाया खोदत नाही ना? तसंच हे आहे.

म्हणून माझी सूचना. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी तेच ग्राउंड, तीच हॉस्टेलची भिंत. त्याऐवजी जुलै ते सप्टेंबर नदीचा एक किलोमीटर घ्यावा. आठवड्यातून एकदा जायचं, लांबूनच बघायचं, घरट्याला हात लावायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही (आपल्या मागोमाग कावळे येतात), धरणातून पाणी सोडलं असेल तर काठाकडे फिरकायचंही नाही. वहीत तारीख, जागा, आकडा. बस्स! सरांनी टर्मवर्कला पाच मार्क दिले तर गर्दी होईल, याची गॅरंटी माझी.

ती चार पिल्लं सुट्टी संपेपर्यंत चारच होती. पुढचं मला माहीत नाही, कारण मी हॉस्टेलवर परत आले आणि माझ्यानंतर मोजायला कुणी नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात कुणी येणार का? रूमवर निरोप ठेवा. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने वापरू.