चिठ्ठी दिली, पुढे काय?

अंगणवाडीत आरोग्य पथकाची गाडी येते. बाळ दीड वर्षाचे झाले तरी उभे राहत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, असे लिहून डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणची चिठ्ठी आईच्या हातात देतात आणि गाडी पुढच्या गावाला निघून जाते. शासनाच्या कागदावर काम झाले! आईची वणवण मात्र इथून सुरू होते.

योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातल्याच पालघर येथून सुरू झाला. अंगणवाडीतल्या बालकांची वर्षातून दोनदा तपासणी, वाढीत मागे पडलेल्या बालकासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, आणि सर्व उपचार मोफत, अशी ही तरतूद आहे. पण हा उपचार म्हणजे एक इंजेक्शन देऊन मोकळे होणे नव्हे. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी ही महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे चालणारी कामे आहेत. सिरोंच्याच्या आईने गडचिरोली गाठायची तर दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. रोजंदारीवर जगणारी बाई दर आठवड्याला मजुरी बुडवून, कडेवर मूल घेऊन किती खेपा घालणार? दोन-तीन खेपांनंतर ती थांबते. मग साहेब लोक म्हणतात, या लोकांना मुलांची काळजीच नाही. यालाच आम्ही निर्लज्जपणा म्हणतो.

कायद्याचेही तसेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, आणि तोही चाळीस टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यावर. मेंदूची वाढ सर्वात झपाट्याने होते ती मात्र पहिल्या काही वर्षांत. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलासाठी समग्र शिक्षा योजनेत प्रवासभत्ता व मदतनीस भत्ता आहे. दोन वर्षांच्या बाळाच्या आईलाही तसाच भत्ता आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई हक्काने मिळाली पाहिजे. थेरपिस्ट ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयात आला पाहिजे. अपंगत्वात सार्वजनिक साहाय्य देण्याची जबाबदारी संविधानाच्या कलम ४१ ने राज्यावर टाकलेली आहे. ही मेहेरबानी नव्हे.

शासनाला जाब विचारताना घरातल्या गोष्टीकडेही पाहू. मूल बोलत नाही म्हटले की सासू सुनेला बोल लावते, कोणी गेल्या जन्माचे पाप काढते, कोणी देवऋषाकडे नेते. ‘मामाही उशिराच बोलला होता’ म्हणत वर्ष घालवणारे शिकलेल्या घरांतही कमी नाहीत. चौथ्या महिन्यानंतर मान धरत नाही, नऊ महिन्यांनी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही, दोन वर्षांनी दोन शब्द जोडून बोलत नाही, तर पथकाची वाट पाहत बसू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा, कान आणि डोळे तपासून देण्याचा आग्रह धरा. मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेवा. पुढे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढताना तोच लागतो.

आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत एवढेच विचारावे : गेल्या वर्षी आपल्या अंगणवाडीतून किती मुलांना चिठ्ठी दिली आणि त्यांतल्या किती मुलांचे उपचार आज चालू आहेत? दोन्ही आकडे लेखी मागावेत.