पानी गेला, पन मीठ ऱ्हायला

घरात आठवी-नववीचे पोर असले की परीक्षेआधी पंधरा दिवस एक ठराविक आवाज घुमू लागतो. "दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या ठराविक वजनी प्रमाणातील रासायनिक संयोगाने..." डोळे मिटून, मान हलवत पोर हे घोकत असते. आई भाकरी थापता थापता ऐकते, आणि बाप ओसरीवरून म्हणतो, "आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुझं तू बघ बाबा."

वाचकहो, हे शेवटचे वाक्य खरे नाही. ते खरे नाही हे मला दिव्याला कळले, म्हणून या खेपेस दिव्याची हकीकत सांगतो.

ठाणे सोडले की कळवा, मुंब्रा आणि मग दिवा. इथून एक फाटा वसईला जातो, एक पनवेलकडे. कोकणात जाणाऱ्यांना हे जंक्शन ओळखीचे आहे. आज स्टेशनाबाहेर पडले की चाळी आणि इमारतींची नुसती दाटी दिसते, पण जुन्या आगरी घरांतून अजून भातशेतीच्या गोष्टी निघतात. गावाच्या अंगाला खाडी आहे, कडेला तिवरांची झाडी आहे आणि दिवसातून दोनदा भरती येते. अशाच एका घरी मी गेलो होतो. घरातली नात आठवीत. पुढ्यात विज्ञानाचे पुस्तक, 'द्रव्याचे संघटन' हा धडा उघडलेला. तिने वहीत लिहिले होते, 'मीठ पाण्यात वितळते.' मी म्हटले, "बाय, इथे गुण जाईल. मीठ पाण्यात विरघळते."

"एकच ना ते?" ती म्हणाली.

एकच नव्हे. बर्फ वितळतो. त्याला नुसती ऊब पुरते, दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. मीठ वितळवायचे तर 801 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागेल. तेवढी आच आपल्या चुलीवरच्या पातेल्यात होत नाही. विरघळायला मात्र दुसरा लागतो. इथे तो दुसरा म्हणजे पाणी. जे विरघळते ते द्राव्य, ज्यात विरघळते ते द्रावक, आणि दोघे मिळून झाले ते द्रावण. पोरीने मान डोलावली, पण चेहऱ्यावर काही उमटले नाही. आणखी तीन शब्द पाठ करायचे वाढले, एवढेच तिला कळले असावे.

तेव्हा कोपऱ्यात बसलेले तिचे आजोबा बोलले. ते चौथीपर्यंत शिकलेले. म्हणाले, "आमचे शेतान एक साल उधानाचा पानी घुसला ना, तवा असाच झाला. पानी गेला, पन मीठ ऱ्हायला."

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली आणि खाडीचे पाणी शेतात पसरले. ओहोटीला बरेचसे परत गेले, सखल जागी मात्र साचून राहिले. चार दिवस ऊन पडले, पाणी आटले. लोकांना वाटले, सुटलो. पण जमिनीवर पांढरी खरपुडी धरली. त्या वर्षी लावलेले भात आधी शेंड्याला करपले, मग पिवळे पडून बसले. पुढे काय केले? बांध दुरुस्त केला, पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडले, चिखल ढवळला आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून ते पाणी खाडीत सोडून दिले. पुन्हा कोंडले, पुन्हा सोडले. शेत पूर्ववत व्हायला तीन पावसाळे गेले.

आता बघा, या एका हकिकतीत धड्याचा किती भाग आला! खाडीचे पाणी हे मिश्रण. पाणी उडून गेले, ते बाष्पीभवन. खरपुडी धरली, ते स्फटिकीभवन. पावसाच्या पाण्याने मीठ पुन्हा धुतले, म्हणजे द्रावण केले आणि बाहेर काढले. पदार्थ जागा बदलतो, रूप बदलतो, पण नाहीसा होत नाही. हे म्हाताऱ्याला ठाऊक होते, कारण न ठाऊक असून चालले नसते. नातीकडे शब्द होते, आजोबांकडे अर्थ होता, आणि दोघे एकाच खोलीत एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

त्या पोरीला मी एक हिशेब घालून दिला. तुमच्याही घरी घाला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. एक गुंठा म्हणजे अंदाजे 100 चौरस मीटर. त्यावर 10 सेंटिमीटर समुद्राचे पाणी साचले तर किती लिटर झाले? दहा हजार. ते सगळे तिथेच आटले तर जमिनीत किती क्षार बसले? पोरीने बोटांवर मांडणी केली आणि तोंड वासले. साडेतीनशे किलो! पन्नास किलोची सात पोती, एका गुंठ्यात. खाडीत नदीचे गोडे पाणी मिसळलेले असते, त्यामुळे आकडा कमी भरेल, पावसाळ्यात तर पुष्कळच कमी. पण निम्मा धरला तरी साडेतीन पोती होतातच. आजोबांनी एवढेच म्हटले, "मंग तीन सालं लागतीलच ना."

मीठ पिकाचे नेमके काय करते, हे आयाबहिणींना वेगळे सांगायला नको. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की फोडींना पाणी सुटते आणि त्या आक्रसतात. बाहेर मीठ जास्त झाले की पाणी तिकडे ओढले जाते. खाऱ्या जमिनीत भाताच्या मुळांची तीच गत होते. भोवती ओल असते, पण मुळाला ती शोषून घेता येत नाही. पाण्यात उभे राहून रोप तहानेने मरते म्हणा ना! ज्यांची शेते खाडीकाठी आहेत त्यांनी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3 या भाताच्या जातींची नावे ऐकली असतील. खारेपणा सोसावा म्हणूनच त्या तयार केल्या आहेत. तरी बांध आणि उघाडी नीट नसेल तर बियाणे एकटे किती लढणार?

इथे एक गैरसमज काढून टाकू. विहिरीचे पाणी मचूळ लागते म्हणून पुष्कळ घरी ते उकळतात. उकळल्याने रोगजंतू मरतात, म्हणून जरूर उकळा. पण मीठ त्याने जात नाही. उलट वाफ उडून पाणी कमी होते आणि उरलेले किंचित जास्तच खारट होते. तुरटी फिरवली तर गाळ खाली बसतो, कारण माती पाण्यात विरघळलेली नसते, नुसती तरंगत असते. पुस्तकात याला निलंबन म्हणतात. फडक्याने गाळले तरी काही माती अडकते. मीठ मात्र फडक्यातून सरळ पार होते. मग गोडे पाणी मिळते कुठे? वर. खारे पाणी उकळताना झाकणाच्या आत जे थेंब जमतात, ते गार झाल्यावर चाखून पाहा. त्यांना खारट चव नसते. हेच ऊर्ध्वपातन. समुद्रावरून वाफ वर जाते आणि आपल्या शेतावर पाऊस होऊन पडते, तीही याच रीतीने. (उकळत्या भांड्याशी मोठ्या माणसाने असावे, पोरांवर सोपवू नये.)

मिठागरवाले हेच उलट्या बाजूने करतात. त्यांना पाणी नको, मीठ हवे. वसई, भाईंदर, उरण, पेण या भागांत पिढ्यान् पिढ्या हा धंदा चालत आला. 'आगरी' हे नावही आगरावरून आले असे सांगतात. नेहमीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ मावते. त्याहून जास्त टाकले तर तळाशी बसते. असे भरलेले द्रावण म्हणजे संपृक्त द्रावण. साखर गरम पाण्यात कितीतरी जास्त विरघळते, मिठाचे तसे नाही. पाणी उकळते केले तरी 39-40 ग्रॅमच. म्हणून खारे पाणी तापवून मग निववले तर मीठ फारसे हाती येत नाही, उन्हात पाणी आटवावेच लागते. त्यातही गंमत अशी की सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुनखडीसारखा भाग बसतो, मग जिप्सम, नंतर आपले मीठ. शेवटी जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते पाणी वेळेवर काढून टाकले नाही तर मीठ कडू होते आणि पावसाळ्यात डब्यात ओलसर गोळा होऊन बसते.

आता पोरांना सर्वांत अवघड जाणारा भाग. मिश्रण आणि संयुग यांत फरक काय? खारे पाणी मिश्रण. त्यात मीठ मूठभर घाला की चिमूटभर, ते खारे पाणीच. शुद्ध मीठ मात्र संयुग. सोडिअम हा पाण्यात पडताच पेट घेणारा धातू आणि क्लोरिन हा विषारी वायू. 1915 साली पहिल्या महायुद्धात ईप्र या गावाजवळ तो सैनिकांवर सोडला होता. हे दोघे एकत्र आले आणि आपल्या ताटात येऊन बसले! दोघांचेही मूळचे गुण गेले. शिवाय प्रमाण ठरलेले असते. सोडिअम 23 भाग, क्लोरिन साडेपस्तीस भाग. शुद्ध मीठ वसईचे असो की राजस्थानातल्या सांभर सरोवराचे, प्रमाण तेच. घोकंपट्टीतल्या त्या 'ठराविक वजनी प्रमाणा'चा अर्थ इतकाच आहे. बाजारच्या पुडीतल्या मिठात आयोडिनचा क्षार अगदी थोडा घातलेला असतो, म्हणजे ती पुडी पुन्हा मिश्रण झाली. हा प्रश्न पोराला जरूर विचारा, गोंधळते का बघा.

क्लोरिनचे नाव निघाले म्हणून सांगतो. संडास धुण्याचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून हाच वायू सुटतो.

घाटावरच्या वाचकांना वाटेल, आम्हाला खाडीचे काय? पण सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाणी जास्त होऊन जमिनी खारवट झाल्या, ती हीच गोष्ट. पाणी उडून गेले, क्षार वर राहिले. चोपण जमिनीत जिप्सम टाकतात, तेही रसायनशास्त्रच. जिप्सममधला कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडिअमला हुसकून त्याची जागा घेतो. सुटलेला सोडिअम पाण्याबरोबर वाहून जातो, पण निचऱ्याचे चर असतील तरच. नाहीतर हुसकलेला सोडिअम जाणार कुठे? तिथेच राहणार.

निघताना आजोबांनी मला अडवले. म्हणाले, "मीठ पान्यान टाकला, दिसेना झाला. तर वजन गेला का ऱ्हायला?" मी उत्तर दिले नाही. नातीला किराणा दुकानात पाठवले. बाटलीत 200 ग्रॅम पाणी मोजून घेतले, 50 ग्रॅम मीठ घातले, झाकण लावून हलवले. काट्यावर, बाटलीचे वजन वजा करून, बरोबर 250 ग्रॅम! मीठ दिसेनासे झाले होते, पण काट्याला ते दिसत होते.

तेच पाणी तिने पसरट थाळीत ओतून पत्र्यावर उन्हात ठेवले. किती दिवसांत आटते, उरलेले मीठ किती भरते आणि पन्नासाहून कमी भरले तर ते कुठे सांडले, हे तिने वहीत लिहायचे ठरले आहे. तुमच्या घरीही एक थाळी ठेवा. पुढच्या खेपेस घराला लावायचा चुना घेऊ. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो का उकळतो, आणि भिंतीवर लावल्यावर पुन्हा दगडासारखा का होतो, ते पाहू.