प्रकरणाचे नाव झाकल्यावर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत 'एम-वन', हा महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत केटी लागण्याचा, म्हणजे नापास होऊन मागे राहण्याचा, ठरलेला विषय मानला जातो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस त्याच्या फार मागे नाही. अभ्यासक्रम विद्यापीठागणिक थोडा बदलतो. तरी पार्शल डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स आणि तिची रँक, कॉम्प्लेक्स नंबर, डी मॉयव्हरचा सिद्धान्त यांपैकी बरेच काही विद्यार्थ्याच्या वाट्याला कुठे ना कुठे येतेच. बारावीला गणितात ऐंशी-नव्वद गुण मिळवलेली मुलेही इथे अडखळतात. मग सीनिअर, क्लासवाले आणि घरचे वडीलधारे मिळून परीक्षेच्या तयारीची एक पद्धत सांगतात. ती वर्षानुवर्षे फारशी बदललेली नाही.

या पद्धतीचा पहिला आणि सर्वांत बलवान पूर्वपक्ष असा: मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्यावेत, 'आयएमपी' प्रश्नांवर खुणा कराव्यात आणि तेवढेच घोटावेत, पास होण्यापुरते भागते. हे मत उडवून लावण्यासारखे नाही. विद्यापीठाच्या पेपरांत प्रश्नांचे प्रकार खरोखरच फिरून फिरून येतात, आणि जुने पेपर न पाहता परीक्षेला बसणे हा शहाणपणा नव्हे. प्रश्न आहे तो या पेपरांचे पुढे काय होते याचा. बहुतेक हातांत पेपराबरोबर त्याची सोडवलेली उत्तरेही असतात. मुलगा प्रश्न वाचतो, लगेच खालचे उत्तर वाचतो, मान डोलावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. दोन दिवसांत पाच वर्षे 'होतात'. या दोन दिवसांत कोऱ्या कागदावर पेन टेकलेलेच नसते.

उत्तर वाचून समजणे आणि उत्तर स्वतःला सुचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करायला कुणाची हरकत नसते. पण तयारी मात्र या दोन्ही एकच असल्यासारखी चालते. व्हिडिओ पाहून केलेल्या अभ्यासाचीही हीच गत. रस्ता दाखवणाऱ्याच्या मागे चालत घरी पोचलेल्याला दुसऱ्या दिवशी एकट्याने ते घर सापडेलच असे नाही. सोडवलेल्या उदाहरणात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून सहज पटते. पहिली पायरी हीच का, हे मात्र त्यात सहसा लिहिलेले नसते. परीक्षेत अडते ते तिथेच. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, तर आठवड्याने घेतलेल्या चाचणीत उतारा मिटून आठवण्याचा प्रयत्न करणारे पुढे गेले. ते उतारे गणिताचे नव्हते, त्यामुळे त्यांवरून फार मोठे अनुमान काढू नये. पण वाचून लगेच 'येतंय' असे वाटणे किती फसवे असते, एवढे त्यातून दिसते.

दुसरा पूर्वपक्ष पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे खंडन अधिक काळजीने करावे लागते. गणित हाताने सोडवल्याशिवाय येत नाही, तेव्हा एका प्रकाराची वीस-वीस, तीस-तीस गणिते सोडवावीत, असे तो सांगतो. मुंबईकडे कुंभोजकरांचे पुस्तक आणि सगळीकडेच ग्रेवालांचा जाडजूड ग्रंथ अशा सरावसंचांनी भरलेले आहेत, आणि कष्टाळू विद्यार्थी ते ओळीने सोडवतात. त्यांचे कष्ट खरे असतात. तरीही त्यांतल्या अनेकांचे गुण कष्टांच्या मानाने कमी पडतात आणि मग दोष नशिबाला किंवा पेपर काढणाऱ्याला दिला जातो.

कारण तीन साध्या इंटिग्रलांत दिसते. तिन्हींच्या छेदात क्ष² + १ आहे. पहिल्याच्या अंशात १, दुसऱ्याच्या अंशात क्ष, तिसऱ्याच्या अंशात क्ष². दिसायला तिघे सख्खे भाऊ. पहिल्याचे उत्तर थेट सूत्राने टॅन इन्व्हर्स क्ष. दुसऱ्यात अंश हा छेदाच्या डेरिव्हेटिव्हचा निम्मा आहे हे डोळ्यांना दिसावे लागते; ते दिसले की उत्तर लॉग (क्ष² + १) चे अर्धे. तिसऱ्यात अंशात १ मिळवून १ वजा करायचा, म्हणजे अपूर्णांक १ वजा पहिला इंटिग्रंड असा फुटतो आणि उत्तर क्ष वजा टॅन इन्व्हर्स क्ष येते. आता छेदातले अधिक चिन्ह वजा केले, म्हणजे क्ष² − १ वर १, तर टॅन इन्व्हर्स कुठल्या कुठे राहतो आणि पार्शल फ्रॅक्शन करावे लागते. छेद क्ष² + २क्ष + २ असा दिला तर पूर्ण वर्ग करून पुन्हा पहिल्याच घरी यावे लागते. या पाचांपैकी एकही गणित अवघड नाही. कोणत्या गणिताला कोणती किल्ली लागते ते ओळखणे अवघड आहे.

पुस्तकात मात्र हे ओळखण्याचे काम विद्यार्थ्याकडे येतच नाही. 'पार्शल फ्रॅक्शन' या मथळ्याखाली पंचवीस गणिते असली की पंचविसांनाही तीच पद्धत लागणार हे मथळ्यानेच सांगून टाकलेले असते. विद्यार्थी पंचवीस वेळा बेरीज-गुणाकार करतो, पद्धत एकदाही निवडत नाही. परीक्षेच्या पेपरवर प्रकरणाचे नाव नसते. जे काम तयारीत मथळ्याने परस्पर उरकून टाकले होते, ते तिथे पहिल्यांदाच स्वतः करावे लागते, तेही घड्याळ समोर ठेवून.

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये नेमके हेच तपासले. चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिकवले गेले. एका गटाने एकेका आकृतीची सगळी गणिते सलग सोडवली, दुसऱ्याने तीच गणिते सरमिसळ करून. सरावाच्या वेळी सलग सोडवणारे ८९ टक्के बरोबर होते, सरमिसळवाले अवघे ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले ६३ वर राहिले. यातला सर्वांत कडू भाग असा की सराव चालू असताना चुकीची पद्धतच जास्त यशस्वी वाटते. त्यामुळे ती सोडायला कुणाचे मन होत नाही, शिक्षकांचेही नाही.

तरीही सलग सराव टाकाऊ ठरत नाही. नवी पद्धत हातात बसेपर्यंत पाच-सहा गणिते ओळीने करावीच लागतात. पण त्यानंतर मथळा झाकायला हवा. पाच वर्षांचे पेपर इथे खरे उपयोगी पडतात. त्यांतले प्रश्न प्रकरणवार न लावता चिठ्ठ्यांसारखे एकत्र करावेत आणि एका बैठकीत वेगवेगळ्या प्रकरणांचे पाच-सहा प्रश्न पुस्तक मिटून सोडवावेत. वेळ कमी असेल तर याहून किफायतशीर सराव आहे: दहा प्रश्न घ्यायचे, एकही पूर्ण सोडवायचा नाही, प्रत्येकापुढे फक्त पद्धतीचे नाव, ती का लागू पडते याचे अर्धे वाक्य आणि पहिली ओळ लिहायची. ज्या प्रश्नापुढे जागा कोरी राहिली तोच त्या दिवसाचा अभ्यास.

पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, सगळे करू, या तिसऱ्या भरवशाला फार जागा देण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला तेव्हापासून विखुरलेला अभ्यास एकगठ्ठा अभ्यासापेक्षा जास्त टिकतो हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. आठवड्यातून दोनदा तासभर आणि पीएलमध्ये उजळणी, एवढ्यावर हा विषय मिटतो.

चौथे मत हल्ली सुशिक्षितांत प्रतिष्ठा पावलेले आहे. 'समजून घ्या, पाठ करू नका' असे ते सांगते. घोकंपट्टीला विटलेल्या कानांना ते गोड लागते, पण जसेच्या तसे घेतले तर घात करते. ज्याला सेकंट वर्ग क्ष हे कशाचे डेरिव्हेटिव्ह आहे हे प्रत्येक वेळी मुळापासून काढावे लागते, त्याचे लक्ष त्या हिशेबातच अडकते आणि मूळ प्रश्नाकडे पाहायला काही उरत नाही. प्रमाणित डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल, त्रिकोणमितीची चारदोन सूत्रे जिभेवर हवीतच. पाढे पाठ करण्याची लाज न बाळगणाऱ्या समाजाने याची लाज बाळगावी हे विचित्रच. मात्र सूत्राबरोबर त्याची अटही पाठ हवी. क्षच्या क्ष घाताचे डेरिव्हेटिव्ह काढताना अनेक जण घाताचे सूत्र लावतात. ते सूत्र घात स्थिर असेल तरच चालते. काही जण २ च्या क्ष घाताचे सूत्र लावतात. त्याला पाया स्थिर लागतो. इथे दोन्ही बदलते आहेत, म्हणून आधी लॉग घ्यावा लागतो आणि उत्तर क्षचा क्ष घात गुणिले (१ + लॉग क्ष) येते. एल हॉस्पिटलच्या नियमाचेही असेच हाल होतात. क्ष शून्याकडे जाताना (क्ष + १) भागिले (क्ष + २) ची मर्यादा नुसती किंमत घालून १/२ येते. शून्य भागिले शून्य असे रूप आहे का हे न पाहता नियम लावणारा १ लिहून मोकळा होतो.

अशा चुकांना सरसकट 'सिली मिस्टेक' म्हणण्याची रीत आहे. हा शब्द एकदा वापरला की चौकशी बंद होते. वरच्या दोन्ही चुका सिली नाहीत. अट माहीत नसल्याच्या आहेत. कंसाबाहेरच्या वजा चिन्हाची चूक खरोखर हातून घडलेली असू शकते, पण तीच चूक चौथ्यांदा झाली तर तिला सवय म्हणावे लागते. वहीच्या शेवटच्या पानांवर चुका तीन रकान्यांत टिपाव्यात: हिशेबाची, पद्धत निवडण्याची, अट न पाहण्याची. थोड्याच दिवसांत कोणता रकाना फुगला आहे ते कळते. पहिला फुगला तर पायऱ्या सावकाश लिहिणे हा उपाय, दुसरा फुगला तर सरमिसळ सराव, तिसरा फुगला तर पुन्हा पाठ्यपुस्तकातला सिद्धान्त, तोही उदाहरणांच्या आधीचा, सहसा कुणी न वाचणारा परिच्छेद.

'गणिताला डोकंच लागतं' हा शेवटचा पूर्वपक्ष. त्याला उत्तर म्हणून प्रेरणादायी भाषण देण्यापेक्षा बर्कलीचे उदाहरण पाहावे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या आवारात यूरी ट्राइझमन यांनी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी का मागे पडतात आणि चिनी वंशाचे का पुढे जातात याचा शोध घेतला. जिद्द नाही, शाळेचा पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, घरची गरिबी, ही प्राध्यापकांनी सुचवलेली कारणे तपासात टिकली नाहीत. मागे पडणारी मुले नेमाने अभ्यास करत होती, पण एकटी. पुढे जाणारी मुले आधी एकट्याने गणिते करत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, चुका दाखवत आणि जुने पेपर काढून परस्परांची परीक्षा घेत. ट्राइझमन यांनी पुढे अवघड प्रश्न गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा उभारल्या आणि त्यांत आलेल्यांचे निकाल ठळकपणे सुधारले. जुने पेपर तिथेही होतेच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. होस्टेलच्या खोलीत एक हुशार मुलगा फळ्यावर सोडवतो आणि सात जण उतरवून घेतात, तो प्रकार मात्र यात बसत नाही. आधी प्रत्येकाने आपल्या कागदावर झुंजायचे, ही त्यातली मुख्य अट आहे.

परीक्षेच्या दालनात यातले थोडेच करायचे उरते. पेपर हाती आल्यावर प्रत्येक प्रश्नापुढे पद्धतीचे नाव बारीक पेन्सिलीने लिहून, जिथे ते चटकन सुचले तिथून सुरुवात करावी. गुण पायरीला मिळतात, म्हणून सूत्र आणि अट आधी लिहावी. इंटिग्रलचे उत्तर डिफरन्शिएट करून पाहायला मिनिटही लागत नाही. आयगन व्हॅल्यूंची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरील संख्यांच्या बेरजेइतकी आली नाही तर कुठेतरी चूक आहे हे पान उलटण्याआधीच कळते. इतके करूनही केटी लागलीच, तर पुन्हा तोच क्लास लावण्याआधी विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. ती बहुतेक जण पुनर्मूल्यांकनाच्या आशेने मागवतात आणि गुण वाढले नाहीत की फेकून देतात. वास्तविक त्या तीन रकान्यांसाठी स्वतःच्या हस्ताक्षरातला इतका भरवशाचा मजकूर दुसरीकडे कुठे मिळत नाही.